एक पाहुणा म्हणजे बारा पोफळी : दिवेआगर येथील एका सामाईक माडीचे प्रकरण

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगर येथे, आमच्या घराण्याचे ३२ गुंठ्यांचे आगर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे. त्यातील जुन्या घराची माडी २०२१ च्या अखेरीपासून सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांना राहण्यास दिली जाते. मी या सामाईक मिळकतीतील चार हिस्सेदारांपैकी एक असून पुण्यात राहतो. माडीच्या आरक्षणाचे दूरध्वनी घेणे आणि वही लिहिणे ही दोन कामे माझ्याकडे आहेत. आमच्यासारखीच जुनी घरे आणि वादळात मोडलेल्या बागा असलेली काही ओळखीची कुटुंबे गेल्या दोन-तीन वर्षांत मला एकच प्रश्न विचारत आली आहेत, की माडीत किती खोल्या काढाव्यात. आमच्या अनुभवाने हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून विचारला जातो, असे माझे ठाम मत झाले आहे. पाहुणे किती घ्यायचे हे विहीर आणि स्वयंपाकघर ठरवते, खोल्यांची संख्या त्यानंतर येते. या निष्कर्षाला आम्ही कसे पोहोचलो, वाटेत कोठे चुकलो आणि अजून काय सुटलेले नाही, हे येथे तपशिलाने मांडत आहे.

आगर आणि घर

ज्यांनी हा किनारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आगराची रचना सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व प्रश्न तिच्यातूनच निर्माण झाले. गावातील रस्ता समुद्राला समांतर जातो आणि रस्त्यापासून समुद्राकडे जमिनीच्या लांबच लांब, अरुंद पट्ट्या उतरत जातात. पट्टीच्या रस्त्याकडील टोकाला अंगण, मग घर, घरामागे विहीर आणि दगडी दोण, त्यापलीकडे पोफळी म्हणजे सुपारीची झाडे, पोफळींच्या पुढे माड, त्यापुढे केवडा व सुरूची झाडे आणि शेवटी पुळण, असा क्रम असतो. आमची पट्टी सुमारे १८ मीटर रुंद आणि १८० मीटर लांब आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या तशाच पट्ट्या आणि त्यांच्या विहिरी आहेत. रहाट होता त्या काळात पोहऱ्यांनी चढलेले पाणी दोणीतून पाटाने प्रत्येक आळ्यापर्यंत नेले जाई. आमच्या लहानपणी पाट फोडणे आणि बांधणे हे सुट्टीत आलेल्या मुलांचे काम होते.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचे, मंगलोरी कौलांचे. खाली ओटी, माजघर, स्वयंपाकघर व मागची पडवी, आणि वर लाकडी तक्तपोशीची माडी. माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतो, वहिनी आणि त्यांचा मुलगा असे तिघे तेथे कायम राहतात. दुसरा हिस्सा माझा, तिसरा डोंबिवलीस राहणाऱ्या धाकट्या चुलतभावाचा आणि चौथा आमच्या आत्याचा. आत्याचा हिस्सा आज असा सहज लिहिता येतो; तो कागदावर कसा आला हे पुढे येईलच.

वादळानंतरचे वर्ष

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्या दिवसापूर्वी आमच्या आगरात ३०० च्या आसपास पोफळी आणि ४० माड होते. संध्याकाळी ७० पोफळी आणि ३१ माड उभे होते. पोफळीचे खोड सडसडीत आणि उंच असते. एक झाड मोडले की ते शेजारच्यावर पडते, आणि दाट लागवडीच्या बागेत अशा एका पडण्यातून दहा झाडे जातात. माड वाकतो, झावळ्या गमावतो, पण बऱ्याचदा टिकतो. कौले उडाली, माडीची एक बाजू उघडी पडली आणि आमच्या आळीत वीज यायला महिना लागला. नुकसानभरपाईचा दर प्रथम हेक्टरी ठरला होता, फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, आणि गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या आगरांना त्या हिशोबाने काय मिळणार हे कोणालाही तोंडी सांगता येत होते. ३२ गुंठ्यांना १६ हजार रुपये. पडलेली खोडे तोडून, ओढून बाहेर काढण्याची मजुरीच त्याहून अधिक होती.

पोफळ लावल्यापासून उत्पन्न सुरू होण्यास सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे दादांच्या घराचे सुपारीचे उत्पन्न जवळजवळ एका दशकासाठी संपले होते. श्रीवर्धनची रोठा सुपारी बाजारात नावाजलेली असली तरी ७० झाडांवर घर चालत नाही. अशा वेळी माडी दुरुस्त करून भाड्याने देण्याचा विचार पुढे आला आणि त्याबरोबर धाकट्या भावाचा दुसरा प्रस्तावही आला. आगराच्या खालच्या टोकाला, माडांमध्ये, समुद्र दिसेल अशा चार खोल्या बांधाव्यात, कारण पाहुण्यांना समुद्र हवा असतो, असे त्याचे म्हणणे होते.

हा प्रस्ताव वेडगळ नव्हता, आणि तो मोडीत काढताना आम्ही प्रथम जे कारण दिले, खर्चाचे, ते पुरेसेही नव्हते. खरे कारण किनारी नियमनात होते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा ना-विकास क्षेत्र राहतो. आमचे घर भरतीरेषेपासून सुमारे ३५० मीटरांवर आहे, पण पट्टीचे खालचे टोक १७० मीटरांवर येते. समुद्र दिसतो तो याच शेवटच्या तीस मीटरांतून, आणि नेमके तेथेच बांधता येत नाही. त्याच अधिसूचनेत किनाऱ्यावरील स्थानिक कुटुंबांना आपल्या अस्तित्वातील घरात, जोत्याचे क्षेत्रफळ, रचना आणि दर्शनी भाग न बदलता, पाहुण्यांची सोय करण्याची मुभा दिलेली आहे. ही शब्दयोजना मला आजही शहाणपणाची वाटते. घर आहे तेवढ्यातच ठेवा, या एका अटीने आमचा निम्मा वाद मिटवला.

कृषी पर्यटनाचे राज्याचे धोरण त्याच वर्षी, २०२० मध्ये आले होते. त्यात वैयक्तिक शेतकऱ्यासाठी किमान एक एकर शेतजमिनीची अट आहे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि आमचे ३२. आठ गुंठ्यांनी आम्ही त्या धोरणाबाहेर राहिलो, आणि या गावातील अनेक आगरांची गत तीच असावी. मग शासनाच्या न्याहारी व निवास योजनेचा मार्ग उरला, ज्याचा पायाच हा आहे की मालक त्याच घरात राहतो. दादा-वहिनी राहत होते, म्हणून ते शक्य झाले.

आत्याचा हिस्सा

माडीच्या दुरुस्तीसाठी पैसे घालायचे तर हिस्से स्पष्ट हवेत, म्हणून आम्ही सातबारा काढला. आजोबांच्या पश्चात तिघा मुलग्यांची नावे कब्जेदार सदरात लागली होती आणि आत्याचे नाव इतर हक्कात होते. आत्याने हक्कसोड करून द्यावी, म्हणजे कागद सुटसुटीत होतील, असे आम्हा तिघा भावांना वाटले, आणि हे मी लपवत नाही की ते मलाही स्वाभाविक वाटले होते. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीचा अर्थ स्पष्ट करताना सांगितले की, मुलीचा सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील वाटेकरीचा, हक्क जन्मतःच असतो आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. आमच्या घराण्यात रीतसर वाटप कधीच झालेले नव्हते. गावातील एका परिचित वकिलांनी हा निर्णय दादांना समजावून सांगितला आणि दादांनी दुसऱ्याच दिवशी साताऱ्यास आत्याला दूरध्वनी केला.

तेव्हा आत्याचे वय ७४ होते. तिने पैशाबद्दल काही विचारले नाही. माडी झाली की दर वर्षी मे महिन्यात आठ दिवस ती आपल्यासाठी मोकळी ठेवावी, एवढेच तिने मागितले, कारण लग्नानंतर पंचावन्न वर्षांत ती माहेरी कधी चार दिवसांपेक्षा अधिक राहिली नव्हती. तिचे नाव आम्ही कब्जेदार सदरात लावून घेतले. त्या आठ दिवसांच्या मागणीने पुढे पाण्याच्या हिशोबात काय अडचण उभी केली हे तेव्हा कोणाच्याच ध्यानात आले नाही.

दुरुस्ती

दुरुस्तीला एकंदर ६ लाख ४० हजार रुपये लागले. रोख रक्कम आम्ही तिघांनी घातली. दादांनी घरातील फणसाचे जुने लाकूड आणि आठ महिने अंगमेहनत दिली, जिचे मूल्य आम्ही सर्वांच्या संमतीने चौथ्या हिश्शाइतके धरले. कौलांऐवजी पत्रा घालावा असा सल्ला अनेकांनी दिला. वादळात पत्राही उडतो, आणि पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढणे कठीण असते, म्हणून पाडलेल्या घरांची जुनी कौले गोळा करून छप्पर पुन्हा शाकारले. माडीत दोन निजायच्या खोल्या, मध्ये बैठकीची जागा आणि एका कोपऱ्यात चहापाण्यापुरता ओटा अशी मांडणी झाली, म्हणजे एका कुटुंबाला स्वतंत्र बिऱ्हाडासारखे राहता येते.

लाकडी तक्तपोशीवर न्हाणीघर करता येत नाही. म्हणून दोन न्हाणीघरे आणि शौचालये खाली मागच्या पडवीत, आहे त्याच छपराखाली केली. पाहुण्यांना रात्री जिना उतरून यावे लागते. हे आम्ही आरक्षणाच्या वेळीच सांगतो आणि त्यामुळे काही जण येत नाहीत.

खरी अडचण मैलापाण्याची होती. काम घेतलेल्या कंत्राटदाराने सेप्टिक टँक घराच्या मागे, विहिरीपासून जेमतेम २० फुटांवर आखली, कारण नळ आखूड पडतो आणि खोदाई सोपी जाते. जमीन निव्वळ वाळूची. वाळूत शोषखड्ड्यातले पाणी झपाट्याने पुढे सरकते, आणि आमच्या १८ मीटर रुंद पट्टीत आपली विहीर टाळावी तर शेजाऱ्याची जवळ येते. दादा टेप घेऊन अर्धा दिवस आगरात फिरले. दोन्ही विहिरींपासून पुरेसे अंतर राहील अशी एकच जागा निघाली, घराच्या पुढच्या अंगणात, रस्त्यालगत, तुळशीवृंदावनापासून दहा पावलांवर. कोणाही कोकणी घराला ही जागा रुचणार नाही. वहिनींना ती अजूनही रुचलेली नाही. तरी टँक तेथेच झाली, आपल्या विहिरीपासून २६ मीटरांवर आणि शेजाऱ्यांच्या विहिरीपासून २१ मीटरांवर, आणि तिच्यातून बाहेर पडणारे पाणी थेट वाळूत न सोडता कर्दळ व केळीच्या वाफ्यात सोडले. शेजाऱ्यांना आम्ही काम सुरू होण्याआधी जागा दाखवली होती. दर पावसाळ्यानंतर दोन्ही विहिरींचे पाणी, मैल्याचे जंतू असल्यास काळे पडणाऱ्या बाटलीच्या चाचणीने तपासतो आणि बाटली शेजाऱ्यांच्या ओटीवर ठेवतो. इतका खर्च आणि इतकी यातायात करावी का, असे मला ज्यांनी विचारले त्यांना मी एवढेच सांगतो की त्या विहिरीचे पाणी शेजारची तीन लहान मुले पितात.

पाणी

पहिल्या हंगामात आम्ही एका वेळी दहा पाहुण्यांपर्यंत घेतले. खोल्या दोन, गाद्या दहा, म्हणून दहा. मार्च २०२२ च्या अखेरीस वहिनींनी सांगितले की डाळ शिजत नाही आणि चहाला वेगळी चव येते. क्षार मोजण्याचे साधे यंत्र आणून पाहिले, तर लिटरमागे १,१०० मिलिग्रॅमच्या वर आकडा निघाला. पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० ही कमाल मर्यादा भारतीय मानकात दिलेली आहे. पाणी पिण्यालायक होते, पण दिशा वाईट होती.

किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे पाणी हलके, खारे जड. पुस्तकी हिशोबाने समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोड्या पाण्याचा थर टिकतो, आणि याच गणिताची उलट बाजू अशी की वरची पातळी थोडी जरी खाली ओढली तरी खालचे खारे पाणी कितीतरी पटीने वर चढते. रहाट दिवसभर मंदपणे पाणी उपसत असे, म्हणून विहीर तेवढ्याच मंदपणे भरून निघे. आम्ही दोन अश्वशक्तीचा पंप सकाळी दोन तास चालवत होतो. पाहुण्यांनी पाणी किती वापरले यापेक्षा ते किती वेगाने खेचले गेले याने विहिरीचे अधिक नुकसान केले.

त्या एप्रिलात दादांनी आणि मी आठ दिवस मोजमाप केले. टाकीवर खुणा करून पाहिले, तेव्हा समुद्रावरून आलेला पाहुणा, दोन वेळा अंग धुणे, वाळूचे कपडे आणि चादरी धरून, दिवसाला सरासरी २२५ लिटर पाणी घेतो असे दिसले. वाढलेल्या पोफळीला ठिबकाने दिवसाला सुमारे १८ लिटर लागतात. म्हणजे एक पाहुणा साधारण बारा पोफळींचे पाणी घेतो. हा हिशोब दादांनी पहिल्यांदा तोंडाने मांडला, आणि तेव्हापासून आमच्या घरात पाहुण्यांची संख्या पोफळींत मोजली जाते.

आता विहिरीची बाजू. पंप एक अश्वशक्तीचा बसवून, दिवसातून चार वेळा थोडा थोडा चालवला, तर एप्रिलच्या मध्यास पाण्याची पातळी आम्ही खूण केलेल्या चिऱ्याखाली न जाता दिवसाला सुमारे ६,००० लिटर मिळतात. ७० जुन्या पोफळींना १,२६० लिटर, ऑगस्ट २०२१ मध्ये लावलेल्या २३० रोपांना प्रत्येकी ८ लिटरप्रमाणे १,८४० लिटर, ३१ माडांना ९३० लिटर, आणि घरच्या तिघांना ४५० लिटर. बेरीज ४,४८०. उरतात १,५२०, आणि त्यात सहा पाहुणे बसतात. दहा कधीच बसत नव्हते. २०२२ च्या पावसाळ्यानंतर आम्ही कमाल संख्या सहा केली, चार गाद्या दादांच्या मुलाच्या खोलीत गेल्या, आणि पुढच्या मार्चमध्ये क्षारांचा आकडा ७०० च्या खाली राहिला. न्हाणीघराचे पाणी पाटाने माडांच्या आळ्यात जाते. ते या बेरजेत धरलेले नाही. तेवढी सवड हाताशी असावी म्हणून मुद्दाम धरलेले नाही.

या गणितात एक गोष्ट आहे जी मांडताना मला आनंद आणि चिंता दोन्ही वाटतात. रोपे वाढतील तसे त्यांना ८ ऐवजी १८ लिटर लागतील. तीनशे पोफळी पूर्ण वाढल्या की त्यांना ५,४०० लिटर, माडांना ९३०, घराला ४५०, म्हणजे ६,७८० लिटर हवेत, आणि विहीर एप्रिलात ६,००० देते. आगर पुन्हा भरले की उन्हाळ्यात माडीला पाणी उरणार नाही. धाकट्या भावाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग इतकी रोपे लावलीच कशाला?” दादांनी त्याला उत्तर दिले नाही. ते उठून रोपांवर झावळ्या बांधायला गेले, कारण कोवळ्या पोफळीच्या खोडाला नैऋत्येचे ऊन लागले की ते भाजते आणि पुढे तेथेच मोडते.

वहिनी

पहिल्या हंगामाचा हिशोब मी केला होता आणि त्यातील चूकही माझीच होती. माडी ६० रात्री गेली, रात्रीला ३,००० रुपयांप्रमाणे १ लाख ८० हजार आले. जेवणाच्या ताटांतून सामानाचा खर्च वजा जाता ४० हजार उरले. वीज, धुलाई, किरकोळ दुरुस्ती मिळून ४८ हजार गेले. उरलेल्या १ लाख ७२ हजारांचे चार सारखे भाग केले आणि प्रत्येकाला ४३ हजार दिले. वहीत ते अत्यंत न्याय्य दिसत होते.

मे महिन्यात आत्या आली, तिने वही मागितली आणि ओटीवर बसून पान अन् पान वाचली. मग तिने मला विचारले, “हिच्या हातचं जेवण कोणत्या रकान्यात आहे?” कोणत्याच रकान्यात नव्हते. सहा महिने पहाटे पाचला उठून न्याहारी, दुपारी वालाचे बिरडे आणि सोलकढीसह ताट, चतुर्थीला पाहुण्यांच्या संख्येप्रमाणे मोदक, रात्री दहाला कोणी भूक लागली म्हणाले तर पिठले, आणि कुटुंब गेले की चादरी बदलणे. या कामातून उरलेले पैसे आम्ही चौघांत वाटले होते. आरक्षणाचे दूरध्वनी घेणाऱ्या मला जेवढे मिळाले तेवढेच दादा-वहिनींच्या घराला मिळाले होते. वहिनी याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणून ते ठीक आहे असे आम्ही समजलो होतो.

दुसऱ्या हंगामापासून रचना बदलली. जेवणातून उरणारी सर्व रक्कम वहिनींची, ती सामाईकात येतच नाही. प्रत्येक कुटुंब गेल्यानंतरच्या साफसफाईचे ४०० रुपये त्यांचे, ते खर्च म्हणून आधी काढले जातात. ताटांची संख्या सकाळी नऊपर्यंत सांगावी लागते, रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद, आणि आठवड्यातून एक दिवस कोणतेही जेवण नाही, त्या दिवशी पाहुणे जवळच्या बोर्लीला जाऊन जेवतात. मग भाड्याचा एक तृतीयांश आगराच्या निधीत जातो, आणि त्यानंतर जे उरेल त्याचे चार हिस्से होतात. त्या हंगामात ५४ रात्रींचे १ लाख ७२ हजार ८०० रुपये भाडे आले. साफसफाई १०,८००, इतर खर्च ३८ हजार, आगराचा निधी ५७,६०० वजा जाता प्रत्येक हिश्शाला १६,६०० मिळाले. वहिनींना ताटांतून सुमारे ४५ हजार.

४३ हजारांवरून १६,६०० वर येणे धाकट्या भावाला मान्य नव्हते आणि त्याने वाटपाची भाषा केली. तहसीलदारांकडे अर्ज करून जमिनीचे सरसनिरस वाटप मागण्याचा त्याला हक्क आहे, यात शंका नाही. पण १८ मीटर रुंद पट्टीचे चार भाग केले तर प्रत्येकाला साडेचार मीटर रुंदीची, रस्त्यापासून केवड्यापर्यंत जाणारी चिंचोळी जमीन येते, जिच्यात पोफळींच्या दोन ओळीही धड बसत नाहीत, कारण दोन झाडांत पावणेतीन मीटरांचे अंतर लागते. विहीर एकाच्याच वाट्याला येते. हे त्याने कागदावर काढून पाहिले, आणि तेव्हापासून त्याने अर्ज केलेला नाही. त्याची नाराजी मात्र गेलेली नाही, आणि तिला कारण नाही असे मी म्हणणार नाही. त्याने कर्ज काढून पैसे घातले होते.

आगराच्या निधीतून २०२३ मध्ये रोपांच्या मधल्या जागेत जायफळाची कलमे लावली आणि जुन्या पोफळींवर मिरीचे वेल चढवले. पोफळीच्या गळलेल्या विऱ्या आणि झावळ्या आता जाळत नाहीत. आळ्यांत अंथरतात, त्याने ओल टिकते.

मे महिना

मे महिन्यात पाहुण्यांकडून सर्वाधिक भाडे मिळू शकते, घरच्या सर्वांना त्याच महिन्यात गावी यायचे असते, आणि विहीर त्याच महिन्यात सर्वांत खाली जाते. मेच्या मध्यास सुरक्षितपणे मिळणारे पाणी ४,५०० लिटरांच्या आसपास येते, म्हणजे आगर आणि घर यांनाच ते जेमतेम पुरते. बाहेरच्या पाहुण्यांना मे महिना बंद करणे सोपे होते. घरच्यांना काय सांगायचे हे कठीण होते. २०२३ च्या मे महिन्यात आम्ही मुलाबाळांसह तेरा जण एकदम गेलो होतो, म्हणजे ज्या पाण्यासाठी सहा अनोळखी माणसांना नकार दिला होता ते दुपटीहून अधिक आम्ही स्वतः उपसले. चौथ्या दिवशी पाणी खारट लागले. आपल्या घरी आपण आहोत, या भावनेला विहीर ओळखत नाही.

त्यानंतर मेमध्ये एका वेळी चारच माणसांनी यावे, पाळी लावून यावे, आणि त्या दिवसांत माडांचे पाणी न्हाणीघराच्या पाटावर सोडावे, असे ठरले. पहिले आठ दिवस आत्याचे. पाळी लावण्याने एकत्र सुट्टीची मौज गेली, हे खरे आहे, आणि मुलांना चुलत भावंडे भेटत नाहीत याचे मला वाईट वाटते. म्हणून सर्वांनी एकत्र जमायचे ते आता दिवाळीनंतरच्या आठवड्यात, विहीर तुडुंब असताना.

पुढचा प्रश्न उघडा आहे. या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि आमच्या कौलांवरचा सगळा पन्हळीतून वाहून जातो. अंगणात २० हजार लिटरांची झाकलेली टाकी बांधली तर सहा माणसांचे जवळजवळ पंधरा दिवसांचे पाणी साठते, म्हणजे एप्रिलचा अर्धा महिना माडी चालू ठेवता येईल किंवा मेमध्ये घरच्या सर्वांना एकदा एकत्र येता येईल, दोन्ही नव्हे. टाकीचा खर्च कोणी करायचा यावर धाकट्या भावाचे मत असे की ती माडीसाठी असेल तर सर्वांनी, घरच्या सुट्टीसाठी असेल तर ज्यांना यायचे आहे त्यांनी. आत्याने आपल्या हिश्शाची रक्कम कशासाठी हे न विचारता देऊ केली आहे. दादांचे म्हणणे असे की टाकी बांधण्याआधी आणखी एक उन्हाळा विहिरीचे आकडे घ्यावेत, कारण डिसेंबर २०२५ मध्ये २३० रोपांपैकी सहांना पहिली पोय दिसली आहे आणि फुलोऱ्यावर आलेले झाड किती पाणी मागते हे या वर्षी कळेल. ते रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी चिऱ्यावरची खूण पाहून आकडा लिहितात, आणि महिन्याच्या एक तारखेला वहिनी त्या पानाचे छायाचित्र मला पाठवतात.